गिअरपेटीतलं काळं तेल

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर चिंचटोल्यात ज्याला त्याला मोटारीचं तेल कळायला लागलं होतं. ज्यांनी जन्मात बैलगाडीपलीकडे काही हाकलं नाही, ज्यांना सायकलवर बसवलं तर सायकल एकीकडे आणि माणूस धानाच्या बांधीत, असली माणसंसुद्धा झाडाखाली बसून सुखराम डायवरला अक्कल शिकवत होती. "तेल बदलून टाक गा सुखराम, काळं झालं म्हणतेत." ऐकून ऐकून सुखरामचे कान किटले होते. तो फडक्यानं मोटारीचा मडगार्ड पुसत राही आणि मनातल्या मनात एकेकाचा उद्धार करी.

आता ही मोटार काय चीज होती ते सांगितल्याशिवाय त्याचा राग कळायचा नाही. मालगुजारी जायच्या जरा आधी गावच्या मालगुजारांच्या, मोठ्या मालकांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात पुढं सुधारला, पाय काही सुधारला नाही. पण माणूस हौशी, घरात खाटेवर पडून राहणं त्यांना जमणारच नव्हतं. नागपूरचा एक साहेब मुलूख सोडून चालला होता, त्याची वापरलेली अमेरिकन मोटार त्यांनी घेऊन टाकली, का, तर तिला क्लच नव्हता. डाव्या पायाला कामच नाही. चाकाजवळची दांडी एकदा खाली ओढली की गिअर आपले आपण बदलत, आणि हा सगळा कारभार पायाखालच्या एका लोखंडी पेटीत, तेलाच्या जोरावर चाले. मोठ्या मालकांनी ती स्वतः चालवून पाहिली, एका आंब्यावर नेऊन घातली, आणि मग मुकाट्यानं डायवर शोधायला लागले.

त्यांनी निवडला तो सुखराम. सगळं गाव हसलं, कारण सुखराम लंगडा. तरणा असताना जंगलातून सागाचे गोळे, म्हणजे ओंडके, आणताना गाडी उलटली आणि डावा पाय गुडघ्यापासून कामातून गेला. रोवणीच्या चिखलात तो पाय रुतायचा तो रुतायचाच, म्हणून शेतावर त्याला कुणी बोलावत नसे. मोठे मालक म्हणाले, "गाडीले डाव्या पायाचं काम नाही, अना तुले डावा पाय नाही. तुमचं दोघाचं जमलं." लोक पुन्हा हसले. सुखराम घरी गेला आणि बायकोच्या, मंगलीच्या पुढ्यात बसून रडला. आनंदानंच रडला, पण मंगलीला ते कळायला बराच वेळ लागला. त्या दिवसापासून गाडीत बसला की सुखराम लंगडा नव्हता. खाली उतरला की होता.

मोठे मालक वारले. मोटार आली त्यांच्या मुलाच्या, मनिरामभाऊंच्या हातात. भाऊंची गोंदियात धानाची मिल, रोज सकाळी जाणं आणि संध्याकाळी येणं. माणूस वाईट नव्हता, पण विचार करायच्या आधीच ठरवून मोकळा होणारा. आगगाडीच्या डब्यात त्यांना कुणीतरी शहाणा भेटला आणि त्यानं सांगितलं की अशा गाडीचं गिअरपेटीचं तेल बदलावं लागतं. झालं. घरी आल्या आल्या भाऊंनी पायाखालचं रबर उचललं, पेटीत बुडालेली तेल मोजायची पट्टी वर काढली, आणि तिचा वास घेतला.

"हे काय होय सुखराम? डांबर?"

"तेल होय भाऊ."

"तेल असं राहते?"

"जुन्या पेटीत असंच राहते. गाडी लगित चालली आहे, हजारो मैल, भाऊ. साहेबानं बदललं नाही, मोठ्या मालकानं बदललं नाही. आता तिच्या तेलाले हात लावू नका. चालून राहिली ना? चालू द्या."

"अना जळली म्हणजे?"

भाऊंचा आवाज चढला. "सांगून ठेवतो. पेटी गेली तर मी दुरुस्त करत बसणार नाही. ही देईन फेकून अना जीप आणीन."

भाऊंना जीप म्हणजे चार चाकं आणि रुबाब. सुखरामला जीप म्हणजे क्लच, आणि क्लच म्हणजे डावा पाय. भाऊंच्या हे ध्यानातसुद्धा नव्हतं. मोटार गेली तर दुसरी तसली मोटार आख्ख्या मुलखात नाही, आणि ती नाही म्हणजे सुखराम पुन्हा झाडाखाली बसणारा लंगडा.

तो गोंदियात घनश्याम मिस्त्रीकडे गेला. टेसनामागं त्याचं गॅरेज. घनश्याम विडी ओढत म्हणाला, "देखो सुखरामभाई, इतनी चली हुई गाडी का तेल निकालोगे तो फिसलेगी. नहीं निकालोगे तो जलेगी."

"काऊन फिसलते?"

घनश्यामनं समजावून सांगितलं. पेटीत चकत्या असतात, एकमेकींना धरून त्या चाकांना फिरवतात. त्या झिजल्या. त्यांचा झिजलेला भुगा तेलात मिसळला, आणि आता त्या भुग्याच्याच खरखरीनं त्या एकमेकींना धरून आहेत. स्वच्छ तेल घातलं की सुटल्या.

"मंग करू काय?"

"वो तो मालिक जाने."

सुखरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असला सल्ला द्यायला गॅरेज कशाला हवं, तो तर चिंचटोल्यात फुकट मिळत होता. पण बोलून उपयोग नव्हता. त्यानं भाऊंना फिसलण्याची गोष्ट दोनदा सांगून पाहिली. भाऊ म्हणाले, "तुले आळस आहे." पुढच्या खेपेला नागपूरला गेले आणि तेलाचा सीलबंद डबा घेऊनच आले.

दसरा जवळ आला होता. भाऊंच्या आई, देवकाबाई, दरवर्षी दसऱ्याला मोटारीनं नागऱ्याच्या महादेवाला जायच्या. त्याच्या आत तेल बदलायचं, असा भाऊंचा हुकूम सुटला आणि भाऊ मिलमध्ये निघून गेले. घनश्याम सायकलवर पाने-पक्कड बांधून गावात आला.

मोटार दोन ओंडक्यांवर चढवली, खाली घमेलं सरकवलं, आणि घनश्यामनं पेटीचा बोल्ट सोडला. आता इथं सुखरामची चूक झाली, आणि ती त्याला पुढं आयुष्यभर आठवली. तेल बाहेर पडताना पाहून त्याला दुःख व्हायला हवं होतं. ते झालंही. पण तेवढ्यात गाडीवान जमले.

चिंचटोल्यात काळं तेल म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. प्रत्येक बैलगाडीच्या खाली वंगणाचं एक बांबूचं नळकांडं लटकलेलं असतं. चाकाचा आख कुरकुरायला लागला की चाक सरकवायचं आणि नळकांड्यातलं वंगण चोपडायचं. एरवी त्यात गाडीवान जवसाच्या तेलाचा गाळ आणि तणसाची, धानाच्या पेंढ्याची, राख कालवून घालत. मोटारीच्या पेटीतलं तेल, तेही अमेरिकन, आणि फुकट, म्हटल्यावर जो तो नळकांडं सोडून घेऊन धावत आला. "सुखरामभाऊ, मले देजो." "सुखरामभाऊ, मी पहिले आलो." काल हीच माणसं त्याला अक्कल शिकवत होती, आणि आज सुखरामभाऊ, सुखरामभाऊ. सुखराम फुशारला. एक लोटा घेतला आणि पंगतीत वाढावं तसं वाढू लागला. छोटेलाल गाडीवानानं तर दोन नळकांडी आणली होती, दोन्ही भरून घेतली. देवकाबाईंनी आतून निरोप धाडला की गोठ्याच्या खांबांना वाळवी लागली आहे, एक तपेली राखून ठेव. तीही राखली. घमेलं असं रिकामं झालं की त्यात तोंड दिसावं.

घनश्यामनं नवं तेल ओतलं. लालसर, पातळ, पाण्यासारखं वाहतं. सुखराम गाडीत बसला. इंजिन सुरू केलं, ते नेहमीसारखं घुरघुरलं. दांडी खाली ओढली. उजवा पाय दाबला. इंजिन ओरडलं आणि मोटार जागच्या जागी थरथरत उभी. आणखी दाबला. आणखी ओरडली. रेड्याला उठवावं आणि त्यानं नुसतं कान हलवावं, तसं झालं.

"देखा?" घनश्याम म्हणाला. "बोला था."

बोललाच होता. हीच तर चीड होती.

संध्याकाळी भाऊ कुणाच्या तरी गाडीतून घरी आले. मोटारीभोवती एक चक्कर मारली. सुखराम काही बोलायच्या आत त्यांनी ठरवून टाकलं. "दसऱ्याले आईले नागऱ्याले नेली तर नेली. नाही तर दसरा झाला की ही भंगारात अना दारात जीप." तेल बदला म्हणून कोण मागं लागलं होतं, हे विचारायची सुखरामची फार इच्छा झाली.

घनश्याम जाताना एक मार्ग सांगून गेला होता. "थोडा पुराना तेल वापस डाल के देखो. शायद पकड ले."

आणि जुनं तेल कुठं होतं? साऱ्या गावाच्या बैलगाड्यांखाली लटकत होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ मिलकडे गेले आणि सुखराम डबा घेऊन निघाला. ज्यांना काल मोठेपणानं लोटा भरून वाढला, त्यांच्याच दारात आज हात पसरायचा, तोही एक पाय ओढत. पहिलंच घर दुधरामचं. दुधराम म्हणाला, "देऊन वापस मागता? असं कुठं राहते काय?" त्यानं निम्मं दिलं आणि निम्मं ठेवून घेतलं. पुढच्या घरी नळकांड्यात कोंबडीचं पीस पडलं होतं. त्याच्या पुढच्या घरी म्हातारीनं ते गुडघ्याला चोळलं होतं आणि गुण आला म्हणत होती, उरलेलं द्यायला तयारच नाही. सुखरामनं कपाळाला हात लावला आणि तो हात काळा असल्यामुळं कपाळही काळं झालं. देवकाबाईंच्या गोठ्याचे खांब तर चांगले लखलखत उभे होते, तिथून काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

छोटेलालची दोन्ही नळकांडी तशीच भरलेली होती. त्यानं खाट टाकली, सुखरामला बसवलं, पान दिलं. तेव्हाच सुखरामच्या लक्षात आलं की हा काहीतरी मागणार.

"देतो ना," छोटेलाल म्हणाला. "पण दसऱ्याले मले बी मोटारीत बसवजो. नागऱ्यापावतर."

"मालकीणबाई राहतेत मोटारीत."

"मी पुढं बसतो तुह्याजवळ. तेल माहं होय ना आता?"

सुखरामला वाटलं, हे नळकांडं याच्याच डोक्यावर रिकामं करावं. पण त्यानं मान डोलवली. ही बातमी त्याच्या आधी पुढच्या घरांना पोचली, आणि मग ज्यानं ज्यानं तेल परत केलं त्यानं त्यानं मोटारीत जागा मागितली. दुधरामही मागून धावत आला, राहिलेलं निम्मं घेऊन.

घरी मंगलीनं डब्यात डोकावून पाहिलं. तणीस, पीस, एक मुंगळा. सुखरामनं तिचं जुनं लुगडं ओढून काढलं आणि गाळायला बसला. एकदा गाळलं, घडी बदलून पुन्हा गाळलं.

"काय जी," मंगली म्हणाली, "माह्या लुगड्यानं गाळता?"

"तुह्या लुगड्यावरच आता आपली भाकर आहे. गप राह्य."

"इतक्या निगुतीनं तुमी माह्यासाठी कधी ताक बी गाळलं नाही," ती म्हणाली, पण लुगड्याचं दुसरं टोक धरून समोर बसली.

मग तो मोटारीखाली शिरला. पेटीतलं नवं तेल निम्म्याच्या वर काढून टाकलं आणि त्या जागी गावचं तेल ओतलं. इंजिन तापू दिलं. दांडी ओढली, पाय हळूच दाबला. आधी काहीच नाही. इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं, आणि सुखरामनं मोठ्या मालकांपासून नागऱ्याच्या महादेवापर्यंत सगळ्यांना मनातून हाक मारली. मग पेटीत कुठंतरी खट्ट झालं, मोटारीनं एक गचका दिला, आणि ती निघाली. अंगणातून बाहेर, चावडीवरून, तळ्याच्या पाळीपर्यंत आणि परत. परत येताना तो मोठमोठ्यानं शिव्या देत होता, कुणाला ते त्यालाही माहीत नव्हतं.

भाऊंना त्यानं काही सांगितलं नाही. भाऊंनी विचारलं नाही. चालली म्हणजे नवं तेल मानवलं, असं त्यांनी धरून टाकलं.

दसऱ्याला मोटारीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं. मागं देवकाबाई, त्यांच्या दोन्हीकडे दोन म्हाताऱ्या, पुढं छोटेलाल, पोराला घ्यावं तसं दुधरामला मांडीवर घेऊन. उरलेले दारांखालच्या दोन्ही पायठ्यांवर लटकले. देवकाबाईंनी एवढंच विचारलं, "सुखराम, हे काय होय?" "नवस होय, बाई," सुखराम म्हणाला. खोटं नव्हतं ते. मोटार एवढं ओझं घेऊन धानाच्या बांध्यांमधून नागऱ्याला गेली आणि आली, कुठं अडली नाही. हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाला पिवळेपणा आला होता. सुखरामला त्या दिवशी सगळंच चांगलं दिसत होतं, छोटेलालसुद्धा.

संध्याकाळी भाऊंनी त्याच्या हातावर सोनं म्हणून आपट्याची पानं ठेवली आणि खुशीत म्हणाले, "बेस झालं. उद्या बालाघाटहून श्यामलाल ठेकेदार येऊन राहिले गाडी पाह्याले. तेल बदलल्याबिगर मी गाडीले हात लावत नाही म्हणत होते. म्हणून तर एवढी घाई केली."

सुखरामला आधी समजलंच नाही. "कायले पाह्यतेत, भाऊ?"

"घ्याले. चालली तर इकायची, नाही तर भंगार, हे ठरलंच होतं. ही गेली की जीप आणतो."

"अना मी?"

भाऊ थबकले. तेवढा विचार त्यांनी केलाच नव्हता, ते चेहऱ्यावर दिसलं. "तू मिलमध्ये बस ना. बोऱ्यापाशी, पोते मोजत. बसून काम आहे," ते म्हणाले, आणि दुसऱ्यांना सोनं द्यायला वळले.

सुखराम घरी आला. त्याला संताप आला होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. मोटार मरत होती ती बरी होती, मेली असती तर भंगारात गेली असती पण दुसऱ्याच्या दारात नसती गेली. त्यानंच दारोदार भीक मागून तिला उठवली, आणि उठवली ती विकायला. सकाळी पाना घेऊन तो मोटारीखाली शिरला. बोल्टला पाना लावला. एक आटा फिरवला की झालं. तो तिथं पडून राहिला, मग पाना काढून घेतला आणि बाहेर येऊन मोटार धुवायला लागला. ते त्याच्या हातून होण्यासारखं नव्हतं.

श्यामलाल ठेकेदार पांढऱ्याशुभ्र कपड्यात आले. सुखरामनं त्यांना कुडवा गावापर्यंत नेऊन आणलं आणि इतकी छान चालवली की त्याचं त्यालाच वाईट वाटलं. ठेकेदार खूश. अंगणात उतरून ते म्हणाले, "गाडी अच्छी है, मनिरामजी. तेल बदल दिया ना?"

"नवं कोरं. नागपूरहून सीलबंद डबा आणला, माह्या हातानं," भाऊ छाती काढून म्हणाले.

ठेकेदार जाणते होते. त्यांनी इंजिन चालूच ठेवायला सांगितलं, वाकून पायाखालचं रबर बाजूला केलं, पट्टी वर ओढली, आणि खिशातल्या पांढऱ्या रुमालानं पुसली. रुमालावर काळाकुट्ट पट्टा उमटला, आणि त्याच्या मधोमध तणसाची एक बारीक काडी. मंगलीच्या लुगड्यातून एवढी एकच निसटली होती.

ठेकेदारांनी काडी चिमटीत धरून भाऊंपुढं केली. "ये नया तेल है?"

ठेकेदार तेलावर नाही चिडले, खोटेपणावर चिडले. रुमाल तिथंच टाकला, आपल्या गाडीत बसले, आणि आता बालाघाटपासून गोंदियापर्यंत ह्या मोटारीचं नाव कोण काढतो ते पाहू, असं म्हणून निघून गेले.

मग भाऊ सुखरामकडे वळले. सुखरामनं काहीच लपवलं नाही. पेटी कशी फिसलली, तेल कुणाकुणाला वाटलं, कुणाकुणाकडून परत आणलं, पीस, मुंगळा, लुगडं, सगळं सांगितलं. "तुमी जीप आणतो म्हणाले, भाऊ. जीपले क्लच राहते. मले पाय नाही." एवढं साधं वाक्य सांगायला त्याला इतकी वर्षं लागली होती. भाऊंनी त्याच्या पायाकडे पाहिलं, आपण तो पहिल्यांदाच पाहतो आहोत असं. ओट्यावरून देवकाबाई म्हणाल्या, "मनिराम, जेवाले चाल." ते हलले नाहीत.

सुखरामनं जमिनीवरचा रुमाल उचलला, झटकला. त्याला वाटलं, आता नोकरी जायचीच आहे तर भाऊंना हवं तसं नवं तेल घालून जावं. "नागपूरहून आणखी एक डबा आणता काय, भाऊ? निघता निघता बदलून देतो."

"तेलाले हात लावू नको," भाऊ ओरडले. मग आवाज उतरवून, पट्टी आपल्या हातानं पेटीत परत ढकलत म्हणाले, "सकाळी लवकर काढजो गाडी. मिलमध्ये जायचं आहे."